म्होरच्या गाडीचा भर

पौष वद्य पंचमी, जर्मनच्या लढाईच्या आदल्या साली. नुकसान नव्वद रुपयांचं, त्यातली भरून द्यायची रक्कम पंचेचाळीस. मारुतीच्या पारावर हजर होते ते असे: जिचं नुकसान झालं ती माझी आत्या, ज्यानं भरायचं तो पटवाला, गावचे पाटील, पिंजारी चाचा, माझे वडील, आणि कारंज्याला कापूस घेऊन गेलेले बाकीचे गाडीवाले. मी वडिलांच्या बाजूला बसलो होतो. वय दहाच्या आसपास.

हे आता लिहायला बसलो त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात लोकल बोर्डाच्या निवडणुकीसाठी एकामागून एक तीन उमेदवार आमच्या ओसरीवर येऊन गेले. तिघांनी चहा घेतला, तिघांनी माझ्या पांढऱ्या केसांचा मान राखला, आणि तिघांनीही रस्त्याचं आश्वासन दिलं. ते गेल्यावर थोरल्या मुलानं विचारलं, "बाबा, कोनाले द्याचं?" मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ जे आहे ते एका वाक्यात बसत नाही, आणि माणसांबद्दल बोलायचा मला आता कंटाळाही येतो.

आमचं गाव इंझोरीच्या बाजूचं. कापूस कारंज्याला जाई. वाटेत नदी, दोन्ही काठांना चांगला उतार, पात्रात दगड. म्हणून गाड्या एकट्यादुकट्या जात नसत, गावाच्या मिळून जात. निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडीवाले पारावर जमून म्होरची गाडी ठरवत. म्होरची म्हणजे नुसती पुढे चालणारी नव्हे. कुठे थांबायचं, नदीत कोणाची गाडी आधी घालायची, बाजारात अडत्याशी कोणी बोलायचं, हे त्या गाडीचा धनी ठरवी आणि बाकीचे ऐकत.

ठरवायची रीत साधी होती. ज्यांची नावं निघत ते पारावर बसत. बाकीचा प्रत्येक गाडीवाला घरून एक फुटलेलं बोंड घेऊन येई आणि आपल्या माणसापुढे ठेवी, सगळ्यांच्या देखत. एका गाडीला एक बोंड, मग जमीन किती का असेना. ज्याच्यापुढे जास्त बोंडं, त्याची गाडी म्होरं. आणि या मानाला एक ओझं होतं. वाटेत कोणाची गाडी उलथली, माल भिजला, जनावर गेलं, तर अर्धं नुकसान धन्याचं आणि अर्धं म्होरच्या गाडीवाल्याचं. या अर्ध्याला आमच्याकडे भर म्हणत. माझ्या आठवणीत तोवर कोणाला भर द्यावा लागला नव्हता. त्यामुळे ती रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं.

पुष्कळ वर्षं म्होरची गाडी पिंजारी चाचांची असे. चाचा कापूस पिंजत, रजया भरत, आणि थोडी जमीनही करत. बैल साधे, चाल सावकाश. त्यांची एक खोड आम्हा पोरांच्या डोक्यात जाई. नदी आली की ते गाडी थांबवत, खाली उतरत, काठी टेकत टेकत आधी स्वतः पाण्यातून पलीकडे जाऊन येत. मग एकेक गाडी घालत. शेवटची गाडी चढेपर्यंत ते पाण्यातच उभे. पौषातलं पाणी ते. त्यांचे पाय पांढरे पडत आणि तिकडे आमचा बाजार चुकत असे.

बाजार चुकणं ही खोटी तक्रार नव्हती, हेही लिहिलं पाहिजे. काट्यावर जो आधी पोचे त्याचा माल आधी तोलला जाई. उशिरा येणाऱ्याला मुक्काम पडे. मुक्काम म्हणजे बैलांची वैरण विकत, माणसांचं खाणं विकत, आणि सकाळी भाव उतरला तर उतरला. दोन वर्षं लागोपाठ आमच्या गाड्या उशिरा पोचल्या होत्या. लोक वैतागले होते. माझे वडील हिशेबी माणूस, ते तर फारच.

त्या साली पटवाला पारावर बसला. हा गावातला तिशीतला शेतकरी, चांगल्या खात्यापित्या घरचा. त्याची पांढरी जोडी आदल्या वर्षी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पहिली आली होती, म्हणून तो पटवाला. त्यानं सगळ्या गावाला जेवण घातलं होतं आणि आम्हा पोरांना जोडीच्या पाठीवर हात फिरवू दिला होता. मनानं मोकळा, हसरा, कोणालाही हाक मारून बोलणारा. मला तो फार आवडायचा. हे आवडणं पुढे कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, "चाचा, तुमच्या गाडीमांगं चालाचं म्हंजे मले माह्या बैलाइले झोपाची सवय लावा लागन."

लोक हसले. चाचाही हसले. "बेटा, झोपू दे त्याइले. जागे झाले का घर गाठतीन, तुले इथंच सोडून."

अठरा गाड्या होत्या. बसलेले दोघे सोडून सोळा बोंडं. पटवाल्यापुढे दहा, चाचांपुढे सहा. दहांतलं एक माझ्या वडिलांचं होतं आणि एक आत्याचं.

आत्या म्हणजे वडिलांची चुलत बहीण, वडिलांहून मोठी. नवरा वारल्यावर ती माहेरी येऊन आपल्या वाट्याची जमीन एक गडी ठेवून स्वतः करत होती. बाजारालाही स्वतः जाई. काट्यावर दुसऱ्या कोणावर तिचा विश्वास नसे, आणि तो नसण्यात ती बरोबर होती.

घरी आल्यावर आईनं वडिलांना विचारलं, "त्याले काहून केलं म्होरं?"

"बैल पाह्यले ना त्याचे?"

"बैल पाह्यले. मी मानसाचं इचारून राह्यली."

वडील म्हणाले, लवकर पोचू, लवकर येऊ, बस. आईनं भाकरी वाढली.

सकाळी उजाडता निघालो. पटवाला पुढे, त्याच्यामागे त्याचे दोघे मित्र, आमची गाडी साधारण मध्ये, आत्याची मागून तिसरी, आणि चाचांची सगळ्यांत शेवटी. चाचांना शेवटची जागा कोणी दिली नव्हती. ते आपले मागे राहिले.

सुरुवातीला मजा वाटली. गाड्या भरधाव. चाचांच्या मागे आम्ही कधी असे गेलो नव्हतो. मी कापसाच्या गंजीवर बसून ओरडत होतो. मग हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली. वडिलांच्या आधी आली, मला नंतर. पटातले बैल मागून घुंगरांचा आवाज जवळ आला की पळायचं, एवढंच शिकलेले असतात. मागची गाडी अंगावर येते आहे म्हणजे आपण आणखी जोर करायचा. त्यासाठीच त्यांना खाऊ घातलेलं असतं. आता गाड्यांच्या रांगेत मागच्या बैलांच्या गळ्यात घुंगरं असणारच. आम्ही जवळ जाऊ तशी ती जोडी उधळे. जोडी उधळली की पुढची गाडी लांब गेली म्हणून आमचे बैल ओढ घेत. आमचे पळाले की आमच्या मागचे. सगळं गाव पट बघायला जात असे, सगळ्यांना ही शिकवण ठाऊक होती, बैलांचं कौतुक करताना जो तो तीच सांगे. आणि सतरा गाड्यांपुढे ते बैल जुंपताना ती एकाच्याही डोक्यात आली नाही.

वडील ओरडले, "अरे थांबव त्याइले! घुंगरं काढा रे मांगच्याइनं!" पण चालत्या बैलाच्या गळ्यातलं घुंगरू कोण काढणार. पटवाल्यानंही कासरे ओढले असतील. मी पाहिलं नाही, म्हणून ओढले असं लिहीत नाही.

नदीच्या काठावर तो थांबला नाही. त्याची गाडी उतरली आणि पाणी उडवत पलीकडे चढून गेली. त्याचे मित्र गेले. आम्हीही गेलो, वडिलांनी दांडीवर पाय रोवला होता आणि त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वर चढून आमची गाडी थांबते न थांबते तोच मागे लाकूड मोडल्याचा आवाज आला.

आत्याची गाडी उतारावर गड्याला आवरली नव्हती. डावं चाक दगडावर चढलं, आस मोडला, गाडी डाव्या अंगावर पडली. कापूस पाण्यात. डावा बैल जुवाखाली, आणि त्याचा पुढचा पाय ज्या बाजूला वळू नये त्या बाजूला वळलेला. आत्या आधीच फेकली गेली होती. ती वाळूत बसलेली होती. कपाळावर थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही.

लोक धावले ते कापसाकडे. बरेच जण कापूस गोळा करायला लागले. आत्या तिथूनच म्हणाली, "कापूस राहू द्या. आधी बैलावरचं जू काढा. तुमाले डोळे हायत का नाई?"

जू चाचांनी काढलं. तोवर ते मागून पोचले होते. त्यांनी बैलाच्या पायाला हात लावला, आणि आत्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, हा आता चालाचा नाई."

आत्यानं मान हलवली. मग तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि उठून ओला कापूस वेगळा करायला लागली.

पटवाला आणि त्याच्यासोबतच्या चार गाड्या केव्हाच पुढे गेल्या होत्या. आम्ही उरलेल्या तिथंच अडकलो. आत्याचा कोरडा माल सगळ्यांच्या गाड्यांवर थोडा थोडा चढवला. बैल चाचांच्या गाडीत घातला. त्यासाठी चाचांनी आपला कापूस दोघांच्या गाड्यांवर वाटून दिला. कारंज्याला पोचलो तेव्हा काटा बंद झाला होता. मुक्काम पडला, तोही त्या साली ज्यांनी मुक्काम नको म्हणून बोंडं ठेवली होती त्यांना. बैल पांजरपोळात ठेवला. 

परतीच्या वाटेवर गाडी थांबवून बसलेला पटवाला भेटला. आदल्याच दिवशी त्याचा माल तोलून झाला होता, भाव चांगला मिळाला होता. आमची रांग पाहून तो गाडीतून उतरला. आत्याचं ऐकून त्याचा चेहरा खरोखर पडला. "अरे देवा," म्हणाला. "बाई, तुमाले लागलं त नाई?"

"मले नाई लागलं."

"बरं झालं. बाकीचं पाहू गावात."

मग त्यानं पोरांना रेवड्या वाटल्या. माझ्याही हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या. आत्या समोरच होती, तिनं पाहिलं.

गावात आल्यावर पारावर बैठक झाली, तीच पौष वद्य पंचमीची. बैलाचे पन्नास, भिजलेल्या कापसाचे एकतीस, आस आणि चाकाचे नऊ. नव्वद. हा आकडा वडिलांनी सांगितला आणि त्याच्यावर कोणाचं म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते पंचेचाळिसावर.

पटवाला म्हणाला, "मी म्होरं व्हतो. मांगं काय झालं मले काय ठाऊक?"

आत्या म्हणाली, "मांगचं ठाऊक ठेवासाठीच तुले म्होरं ठेवला व्हता. नुसतं पयले पोचाचं असतं त तू एकटाच गेला असता, आमी कायले लागत व्हतो?"

"बाई, तुमच्या गड्यानं गाडी नाई आवरली."

"माह्या गड्यानं इतके साल चाचाच्या मांगं गाडी हाकली. तवा आवरली."

"चाचाच्या मांगं गाडी आवराची काय गरज," कोणीतरी म्हणालं, "ती आपोआपच थांबते." लोक हसले. मला आठवतं, आत्याही थोडी हसली. 

पाटलांकडे पाहिलं तर पाटील म्हणाले, रीत आहे ती आहे, पण कोणावर जुलूम नको. दोघांनी समजुतीनं घ्यावं. एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा उघडला. पटवाल्याच्या घराशी त्यांचं येणंजाणं होतं, आणि पटाच्या वेळी पाटीलच त्याच्या जोडीला गुलाल लावत. हे सगळ्यांना दिसत होतं. 

पटवाला उठला. "मी भर देनार नाई. मी काई चुकी केली नाई, मी त नदी बरोब्बर उतरलो. बाईले मदत लागली त घरी सांगा, मी नाई म्हननार नाई." आणि गेला.

तेव्हा वडील बोलले. ते पारावर सहसा बोलत नसत. म्हणाले, "तो देत नसन त आमी दहाजन हावो. आमी ठेवली बोंडं त्याच्यापुढं. पंचेचाळीसचे दहा वाटे, साडेचार साडेचार. बाईचं बोंडबी त्यात व्हतं, तिचा वाटा तिनं सोसावा. बाकी नवांनी द्यावे."

 चाचांकडे काहींनी पाहिलं. चाचा म्हणाले, "मेरी तरफ कायले पाहून राह्यले? मी काई त्याले निवडला नाई. मैं क्यूँ दूँ?" वडील म्हणाले, बरोबर आहे, तुमचे नाहीत.

त्याच संध्याकाळी वडिलांनी साडेचार रुपये आत्याच्या ओसरीवर नेऊन ठेवले. मग बाकीच्या आठ घरी जायला लागले, आणि बहुतेक वेळा मला सोबत नेत. का नेत ते त्यांनी सांगितलं नाही. मला वाटतं, एकट्यानं जायला त्यांना अवघड वाटत असावं. पोर सोबत असलं की माणूस दारातून परत पाठवत नाही.

शेजाऱ्यानं लगेच दिले. पूर्ण. त्यानं फक्त एवढं म्हटलं, "पुढच्या खेपी मानूस पाहून ठेवतो बोंड." खालच्या आळीतल्या एकानंही दिले, दोनदा जावं लागलं. एकानं दोन रुपये रोख आणि दीड रुपयाची तूर दिली, आणि तूर मोजताना तीनदा पायली झटकली.

एकजण म्हणाला, "मी त तुमी ठेवलं म्हून ठेवलं. तुमी शिकले-सवरले, हिशेबाचे. मले वाटलं, हे ठेवून राह्यले त पाहूनच ठेवत असतीन."

वडील त्याच्या ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "बरं. तुह्ये मी देतो." आणि खरंच दिले. आई त्यावर फार चिडली. ती म्हणाली, अशा हिशेबानं तुम्ही सगळ्या गावाचे देत बसाल. वडील म्हणाले, सगळ्या गावानं मला विचारलं नव्हतं, यानं पाहिलं होतं.

उरलेल्या चौघांपैकी एक म्हणे, पुढच्या वेचणीला देतो. त्यानं बऱ्याच चकरांनंतर दोन रुपये दिले. एक म्हणे, आधी पटवाल्याकडून घ्या, मग माझ्याकडे या. आणि दोघे म्हणाले, आमचं बोंड चाचांपुढे होतं.

वडिलांनी एकाला विचारलं, "माह्या डोयानं पाह्यलं ना मी? माह्या बाजूले उभा व्हता तू."

"तुमची नजर चुकली असन. संध्याकाय व्हती."

असं म्हणणारे वाढत गेले. ज्यांनी वाटा दिला होता तेही हळूहळू असंच बोलू लागले. होळीच्या वेळी पारावर कोणीतरी सहज विषय काढला तेव्हा वडिलांनी मनातल्या मनात मोजलं, आणि घरी येऊन आईला सांगितलं, आता चाचांपुढे तेरा बोंडं झाली. चाचांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "इतकी बोंडं मिळाली असती त मी एक रजई भरली असती." पण पुढच्या साली लोक त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी हात जोडले. पाण्यात उभं राहवत नाही म्हणाले. दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. भर म्हणजे काय ते आता सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या साली म्होरची गाडी ठरली नाही, ज्याला जसं जमलं तसा तो गेला, आणि पुढे ती रीत तशीच संपली.

आता कागद पेटीत टाकतात. कोणी कोणाला दिला ते कोणाला कळत नाही. त्याला कारणं आहेत, चांगली कारणं आहेत, गरिबाला मोठ्याचं भय राहत नाही. हे मी मानतो. पण निवडून आलेल्या माणसानं गाडी उलथवली तर साडेचार रुपये मागायला कोणाच्या ओट्यावर जायचं, हे मला अजून कळलेलं नाही. मी स्वतः आजवर ज्यांना ज्यांना कागद दिला त्यांच्यातले निम्मे तरी पहिल्याच नदीला थांबले नाहीत. त्यांचा वाटा मी कोणाला दिला? कोणी मागितला नाही, मीही विचारायला गेलो नाही. वडील गेले असते.

बैल नसल्यानं आत्याची उन्हाळ्यातली वखरणी अडली होती. एका बैलाला कोणाची तरी जोड मागून ती वेळ काढत होती. मृग जवळ येत चालला होता. पेरणी आपल्या जोडीनं झाली नाही तर लोक आपापलं आटोपून मग बैल देतात, आणि तोवर वाफसा निघून जातो. हे तिला ठाऊक होतं आणि सगळ्यांनाच ठाऊक होतं. पटवाल्यानं मध्ये निरोप पाठवला होता की पेरणीपुरता माझा एक बैल घेऊन जा. आत्यानं निरोप आणणाऱ्याला सांगितलं, "त्याचा बैल तिफनीले जुंपला त माहं बियानं इंझोरीच्या वावरात पडन."

एका दुपारी तो स्वतः आला. मी तिच्या ओसरीवर तूर निवडत बसलो होतो. तो खाली अंगणातच उभा राहिला, तिनं दोनदा ये म्हटल्यावर वर आला. चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि पंधरा रुपये तिच्यापुढे ठेवले.

"इतले ठेवा बाई. तुमची अडचन मले समजते."

आत्यानं रुपयांकडे पाहिलं. तिला ते हवे होते. तिच्याजवळ काय आहे आणि बाजारात बैल कितीला आहे हे मला माहीत होतं, कारण ती रोज माझ्यासमोर ते बोलत असे.

"भर म्हून देतं का?" तिनं विचारलं.

"आता त्याले काय म्हनाचं ते म्हना."

"मी नाई म्हनत. तू म्हन. आन पाराव म्हन. गाव बसलं असन तवा ये, आन पंधराच दे, मी बाकीचे सोडते."

तो रुमालाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "बाई, पाराव मले कायले उभं करता? मी इथं आलो, तुमच्या दारात आलो."

"दारात देशीन त गाव म्हनन, मोठ्या मनाचा हाय, रांडमुंड बाईले दया केली. पुढच्या पटाले आखीन टाया वाजवन. मले तुही दया नाई पायजे रे बावा. तू निवडून आला व्हता ना? मंग निवडून आला तिथंच दे."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं असं मला वाटलं. ते रागाचं होतं की लाजेचं, मला सांगता येणार नाही. त्यानं रुपये गोळा केले, रुमालात बांधले, आणि "येतो बाई" म्हणून निघाला. ती "ये" म्हणाली. पारावर तो आला नाही.

रात्री आई वडिलांना म्हणाली, बाईनं घ्यायला पाहिजे होते. नाव काहीही असो, पंधरा रुपये पंधरा असतात.  आजही मला ते एका बाजूनं ठरवता येत नाही. आत्याच्या बाजूनं विचार करतो तेव्हा तिचं पटतं. मृगाच्या बाजूनं विचार केला की आईचं.

पेरणीआधी वडील तिला घेऊन मंगरूळच्या बाजारात गेले. तिच्या उरलेल्या बैलाला शोभेल असा बैल पंचावन्नला होता. तो सोडून तिनं एक अडतिसाचा घेतला, वयानं उतरलेला, एका डोळ्यानं कमी दिसणारा. भराची जेवढी रक्कम गोळा झाली होती ती तिनं तिथंच व्यापाऱ्याला दिली: वडिलांचे नऊ, शेजाऱ्याचे साडेचार, खालच्या आळीतल्याचे साडेचार, रोख आणि तूर मिळून साडेतीन, आणि वेचणीवाल्याचे दोन. एकूण तेवीस रुपये आठ आणे. वरचे साडेचौदा तिनं स्वतःच्या कनवटीतून काढले. पटवाल्याकडून काही आलं नाही.